एकेचाळीस नंबरचा खिसा

१८ जून

बडबडे,

तुला बसमध्ये बसवून आलो त्याला आज सहा दिवस झाले. आपल्या घरात आवाज नसतोच असं शेजाऱ्यांना वाटतं. तसं नाही. आवाज होता, पण तो करणारी तू एकटी आणि ऐकणारीही तूच. आता करणारं कोणी नाही, हे आम्हा दोघा बहिऱ्यांना कसं कळतं कोण जाणे, पण कळतं.

तुझ्या शाळेचं छापील पत्रक आलं. यंदापासून वसतिगृहातल्या मुलींनी मोबाईल जमा करायचे, ते सुट्टीलाच परत मिळणार. दर रविवारी ऑफिसच्या फोनवरून घरी दहा मिनिटं बोलता येईल, असंही त्यात आहे. मी आईला सगळं खुणांनी सांगितलं. ती म्हणाली, "ऑफिसच्या फोनवर आपण काय बोलणार? तिने तिकडून हॅलो म्हणायचं आणि आपण इकडे रिसीव्हरचा वास घ्यायचा?" मग बराच वेळ हसत बसली.

नियमाला मी वाईट म्हणत नाही. आमच्या बांधणीखात्यात नवी पोरं एका हाताने फोन बघत दुसऱ्या हाताने पानं जुळवतात, आणि मग पुस्तकात चाळीसनंतर थेट एकोणसाठ येतं. डोकं एका जागी असावं, हे खरं आहे.

पण एक अडचण आहे. चार जुलैला आईचे डोळे दाखवायचे आहेत. महिनाभर तिचं कपाळ दुखतंय. बेल दाबली की दाराशी आपला बल्ब लागतो, त्याभोवती तिला रंगीत कडं दिसतं म्हणते. मला आधी वाटलं, गंमत करते. एरवी आपली पद्धत ठरलेली. व्हिडिओ कॉल लावून फोन डॉक्टरांच्या टेबलावर पेनांच्या डब्याला टेकवायचा. डॉक्टर तुझ्याशी तोंडाने बोलणार, तू आईशी हातांनी. या वेळी कसं करायचं? पत्रकाच्या तळाशी एक ओळ आहे: विशेष कारण असल्यास विद्यार्थिनीने रेक्टरकडे अर्ज करावा. तो अर्ज तू कर. अर्धा तास पुरे आहे.

आईने तुझ्या फ्रॉकचा उरलेला तुकडा पाठवलाय. रुमाल कर म्हणते.

बाबा


२७ जून

बाबा,

कागदावर लिहायची सवय मोडलीय, अक्षराला हसू नका.

आमच्या शिवणाच्या बाईंनी जाड कापडाचा पडदा शिवलाय. त्याला चौसष्ट खिसे आणि प्रत्येकावर लाल दोऱ्याने नंबर. माझा एकेचाळीस. तो पडदा रेक्टरबाईंच्या खोलीतल्या कपाटात टांगलाय. पहिल्या दिवशी आम्ही रांगेने आपापले फोन खिशात टाकले. माझ्या शेजारच्या पलंगावरची घोरी (नाव ठेवायचं कारण तुम्हाला कळेलच) चक्क रडायला लागली. मी म्हटलं, "अगं, सासरी पाठवतेयस का त्याला?" तर म्हणाली, "तुझं काय, तू दगड आहेस."

आता जेवणाच्या खोलीत इतका गोंगाट असतो की वाढणाऱ्या मावशींनी कानात कापूस घातला. आमटीत मीठ कधी दोनदा, कधी एकदाही नाही. गाद्या इतक्या पातळ झाल्यात की पलंगाच्या पट्ट्या मोजता येतात, मी मोजल्या, अकरा आहेत. नवीन गणिताचे सर फळ्याशीच बोलतात, आमच्याशी नाही. वैताग आहे नुसता.

अर्जाचं विचारलं. रेक्टरबाई नाही म्हणाल्या. नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही आईला प्रश्न लिहून द्या, डॉक्टर खाली उत्तरं लिहितील.

पुढच्या महिन्यात वादविवाद स्पर्धा आहे. विषय तोच, शाळेत मोबाईलबंदी असावी की नसावी. मी 'असावी'च्या बाजूने बोलणार आहे. दुसऱ्या बाजूला अठ्ठावीस जणींनी नावं दिलीत. आमच्या बाजूला मी आणि एक मुलगी, जिच्याकडे फोनच नाही.

आईला सांगा, रुमाल केला.

बडबडी


८ जुलै

बडबडे,

रेक्टरबाई नाही म्हणाल्या, तर नाही. त्यांच्याही डोक्यावर चौसष्ट मुली आहेत. एकीला सूट दिली की उरलेल्या त्रेसष्ट दाराशी उभ्या राहणार. राग धरू नकोस.

चार तारखेला मी आईबरोबर जाणार होतो. पण जुन्या नोंदवह्यांचं काम आलंय, एकेक वही शंभर वर्षांची, पान उलटलं की कोपरा हातात येतो. फोरमनकडे अर्धा दिवस मागायचा होता. आई म्हणाली, "मी काय कुक्कुलं बाळ आहे? माझा कागद मला दे." मग मी ठळक अक्षरात पाच प्रश्न लिहिले आणि प्रत्येकाखाली चार बोटं जागा सोडली.

डॉक्टरांनी पहिल्या प्रश्नाखाली लिहिलंय: "डोळ्यात दाब जास्त. झोपताना एक थेंब. १ महिना, मग दाखवा." बाकीच्या चार जागा कोऱ्याच आल्या. आई म्हणाली, डॉक्टर बोलले मात्र पुष्कळ. बोट वर करून एक गोष्ट दोनदा सांगितली. मी विचारलं, मग तू काय केलंस? म्हणाली, "मान हलवली."

तिची ती मान तुला माहीत आहे. माझीही तशीच. समोरच्याच्या कपाळाला आठी आली, त्याने घड्याळ बघितलं, की आपण मान हलवतो. म्हणजे त्याची सुटका होते, आणि आपलीही.

बाकी ठीक आहे. थेंब मी स्वतः घालतो. एका थेंबाला ती सहा तोंडं करते.

बाबा


३० जुलै

बाबा,

पहिला नंबर आला!

मी म्हटलं की फोन म्हणजे कमरेला बांधलेली दोरी आहे. दुसरं टोक कोणाच्या हातात आहे ते आपल्याला दिसत नाही, पण कोणीही, कधीही ओढतं. वर्गात असू, खेळत असू, जेवत असू, उठायचं आणि जायचं. मुलींनी आधी आरडाओरडा केला, नंतर गप्प बसल्या. परीक्षक म्हणाले, आवाज खणखणीत आहे. खणखणीत म्हणजे कसा, ते तुम्हाला सांगते: पानांना भोकं पाडायची तुमची टोचणी लोखंडी टेबलावर पडली की जशी थरथर बोटांना लागते म्हणता ना, तसा.

वाचनालयात मी आता दाराकडे पाठ करून बसते. आधी नेहमी दाराकडे तोंड करून बसायचे, का कोण जाणे. परवा एका दमात दोनशे पानं वाचली. कोणी हाक मारली नाही, काही नाही. वर बघितलं तर ऊन दुसऱ्या भिंतीवर गेलेलं.

आईचे थेंब चालू आहेत ना?

घोरीने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तिला वाटतं तुम्ही पुस्तकं लिहिता. मी म्हटलं, नाही, ते पुस्तकांना पाठ देतात. तिला काही कळलं नाही.

बडबडी


२ सप्टेंबर

बडबडे,

बक्षिसाचं वाचून आई उठून उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून पंजे हलवले, आपल्या टाळ्या. दोरीचं तुझं बोलणं मी तिला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तिने हात खाली घेतले. मग म्हणाली, "छान बोलली."

तिच्या डोळ्यांचं बरं आहे. बाटली संपली, बल्बभोवतीचं कडं गेलं म्हणते, कपाळही दुखत नाही. महिना झाला तशी ती एकटीच दवाखान्यात जाऊन आली. दुपारभर लागली. डॉक्टर म्हणाले, आता काही नको, सगळं ठीक. देवाची कृपा.

पण तिचा स्वभाव बदललाय. मी बोलायला हात उचलतो तर ती माझ्या तोंडाकडे बघत राहते, हातांकडे बघतच नाही. परवा म्हणाली, "हे काय जत्रेतल्या माणसासारखे हात फेकतोस? लहान बोल. इथे, हनुवटीपाशी." तेवीस वर्षं मी असाच बोलतो, तेव्हा कधी जत्रा दिसली नाही. मी बाजूने जाऊन खांद्याला हात लावला की दचकते. दाराच्या चौकटीला खांदा आपटते आणि चौकटीवरच चिडते. शिवणयंत्राशी मान इतकी वाकवून बसते की मला वाटतं, माझ्याकडे बघायचं टाळते आहे.

मला वाटतं, तू नाहीस म्हणून ती रुसलीय, आणि राग काढायला घरात मीच एकटा आहे. सुट्टीत तू आलीस की उतरेल. कधी येतेस?

बाबा


२१ सप्टेंबर

बाबा,

आईला रुसू द्या. तुम्ही खरंच हात फार मोठे फेकता, मीही लहानपणी दोनदा थप्पड खाल्लीय त्यात, आठवा.

रागावू नका, पण दिवाळीच्या सुट्टीत मी येत नाही. विज्ञानाचं शिबिर आहे, दहा दिवसांचं, निवडून बाराच मुली घेतल्यात. जायलाच पाहिजे असं नाही. पण मला जायचंय. आईला तुम्ही सांगा, तुम्ही समजावून सांगता.

तिच्यासाठी सुयांचं पाकीट पाठवतेय, मोठ्या नेढ्याच्या आहेत.

बडबडी


१४ नोव्हेंबर

महोदय,

आपल्या कन्येचे प्रगतिपत्रक सोबत जोडले आहे. तिची प्रगती अतिशय समाधानकारक असून शिबिरातील काम विशेष उल्लेखनीय झाले. आम्हां सर्वांना तिचा अभिमान वाटतो.

एक गोष्ट कळवते. मोबाईलबंदी लागू करताना विशेष कारण असलेल्या मुलींसाठी आम्ही सवलत ठेवली होती. आजवर चार अर्ज आले आणि चारही मंजूर केले. प्रवेश अर्जात आपण उभयतांना ऐकू येत नसल्याची नोंद आहे, त्यामुळे आपल्या मुलीच्या अर्जाची मी वाट पाहत होते. तिने अजून केलेला नाही. कदाचित संकोच वाटत असेल. आपण तिला सुचवावे. तिचा फोन लागेल तेव्हा मिळेल.

कळावे,
रेक्टर, मुलींचे वसतिगृह


६ डिसेंबर

बडबडे,

हे पत्र शांतपणे वाच. घोरीला जवळ बसव हवं तर.

गेल्या गुरुवारी आई जिन्यावरून पडली. शेवटच्या तीन पायऱ्या. मनगट मुरगळलंय, मोडलं नाही. त्या पायऱ्या ती वीस वर्षं उतरते आहे. मी विचारलं, पाय घसरला का? म्हणाली, "पायरी दिसलीच नाही." मग म्हणाली, "बऱ्याच दिवसांपासून दिसत नाही."

मी दुसऱ्याच दिवशी फोरमनकडे रजा मागितली. त्याने हो म्हणायला एक क्षणही लावला नाही.

दवाखान्यात मी डॉक्टरांपुढे वही ठेवली आणि सांगितलं, हवा तितका वेळ घ्या, पण लिहा. त्यांनी यंत्रातून पाहिलं, आईसमोर पडद्यावर ठिपके दाखवले, दिसला की बटण दाबायचं. ती बटण दाबायचीच थांबली. मला वाटलं तपासणी संपली. ती संपली नव्हती.

डॉक्टरांनी लिहिलं ते उतरवतो: "काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत कडेची नजर गेली आहे. मधली थोडी शिल्लक. गेली ती परत येणार नाही. थेंब जन्मभर घालायचे होते, एक दिवसही चुकवायचा नव्हता. बरं वाटलं तरी थांबवू नका, हे मी जुलैत दोनदा सांगितलं होतं. महिन्यानंतर रुग्ण आला नाही." 'दोनदा'खाली त्यांनी रेघ ओढली. नंतर आईकडे बघितलं आणि ती रेघ पेनने खोडून टाकली. माणूस वाईट नाही.

आला नाही, हे वाचून मी आईला विचारलं. तू तर दुपारभर गेली होतीस? तेव्हा तिने सांगितलं. ती गेली होती. बाकावर बसली होती. तिथली बाई दारात येऊन एकेकाचं नाव पुकारते. आईने तिच्या ओठांवर नजर ठेवली. पण त्या दिवशी बाईने तोंडाला पट्टी बांधली होती. लोक येत गेले, उठून जात गेले. शेवटी झाडूवाल्याने झाडू मारायला बाक सरकवायची खूण केली तेव्हा ती उठली आणि घरी आली. मला म्हणाली, सगळं ठीक.

म्हणजे ती रुसली नव्हती. माझे हात तिला दिसत नव्हते.

थेंब पुन्हा चालू केलेत. जेवढं उरलंय तेवढं राखायचं. तू लगेच धावून येऊ नकोस, परीक्षा जवळ आहे. रोज सकाळी मी देवापुढे उभा राहतो. सध्या फक्त उभाच राहतो.

बाबा


१३ डिसेंबर

बाबा,

तुमचं पत्र वाचून मी थेट रेक्टरबाईंकडे गेले. त्यांनी कपाट उघडून एकेचाळीसमधला फोन काढला आणि माझ्या हातात दिला. फोन लावला, तो तुम्हाला आठवतच असेल. तुम्ही फोन आईच्या समोर धरलात. मी हात हलवत होते. ती माझ्या वर बघत होती, मग बाजूला, मग खाली. तुम्ही तिची मान धरून वळवलीत. तरी तिला मी सापडले नाही. तेवढ्याशा काचेत मी मावतच नव्हते तिच्यासाठी. पण मला ती दिसत होती. ती हसत होती, चुकीच्या जागी बघून.

तेव्हाच मी तुम्हाला हातांनी सांगणार होते. ते वर गेलेच नाहीत. म्हणून लिहिते.

रेक्टरबाई नाही म्हणाल्या नव्हत्या. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

का, ते सांगायचं मी सहा महिने चुकवत होते, आता लिहिते. मी नऊ वर्षांची होते, आईला बाळ होणार होतं. तुम्ही दोघं, मी आणि डॉक्टरीण. ती पोटावर यंत्र फिरवत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आईला सांग, बाळाचे ठोके लागत नाहीत." मी विचारलं, ठोके म्हणजे काय? ती म्हणाली, "घड्याळासारखे. सांग तिला." मी हातांनी सांगितलं: बाळ, घड्याळ, बंद. आई हसली. तिला वाटलं मी खेळ करतेय. डॉक्टरीण म्हणाली, नीट सांग. मी पुन्हा तेच केलं. तेव्हा तुम्हाला कळलं, आणि तुम्ही आईचा हात धरलात. मग तुम्ही दोघं रडलात. मला रडता आलं नाही. डॉक्टरीण अजून बोलत होती, आणि ऐकायला मी एकटीच होते.

तुम्ही नंतर मला खूप जवळ घेतलंत. पण पुढच्या आठवड्यात बँकेत मीच होते. मग घरमालकाशी मीच. विजेच्या ऑफिसात मीच. इथे आले तरी दर दोन दिवसांनी फोन थरथरायचा, मी तास सोडून पळायचे, घरी कोणाला काय झालं म्हणून. तुम्ही फक्त दुकानात बटणांचा रंग विचारत असायचात.

जूनमध्ये त्या खिशात फोन टाकला तेव्हा मला हलकं वाटलं. घोरी रडत होती आणि मला हसू येत होतं. अर्ज करायला दहा मिनिटं लागली असती. मी म्हटलं, एकदा. एकदा तरी हे माझ्याशिवाय होऊ दे. डोळ्यांचं तर आहे, डोळे तपासायचेच आहेत.

मला बक्षीस मिळालं त्या भाषणाचं. ते भाषण मी फाडलंय.

मी शाळा सोडून येते. पुढे काय ते नंतर बघू. आईला सांगू नका, किंवा सांगा. तुम्ही ठरवा. मला ठरवता येत नाही.


२२ डिसेंबर

बडबडे,

पाच दिवस हे पत्र लिहितोय. आमच्याकडे वही उसवून पुन्हा शिवायची असते तेव्हा आधी जुना दोरा पूर्ण काढावा लागतो. नाहीतर नवा टाका जुन्यावर बसतो आणि पान फाटतं. म्हणून मीही काढतो.

तू विचारलं नव्हतंस, हे मला महिन्याभरापासून माहीत होतं. रेक्टरबाईंचं पत्र आलं होतं. दोन दिवस मी तुझ्यावर इतका रागावलो की सकाळी देवापुढेही उभा राहिलो नाही. मला दहाव्या वर्षी तापाने ऐकू येईनासं झालं, तेव्हा आमच्या गावच्या गुरुजींनी पाटीवर लिहून सांगितलं होतं, देवाशी बोलायला आवाज लागत नाही. तेव्हापासून माझा कधी खंड पडला नव्हता. तो त्या दोन दिवसांत पडला.

राग गेला तसं दुसरं दिसलं. ते पत्र चौदा नोव्हेंबरचं. आई पडली ती डिसेंबरात. तुझा फोन मिळू शकतो हे कळल्यावर मधल्या तीन आठवड्यांत तिला पुन्हा डॉक्टरांकडे न्यावं, हे माझ्या मनात यायला हवं होतं. पण माझ्या मनात तूच होतीस, तुझं खोटं होतं, माझा दुखावलेला जीव होता. त्या वेळी थेंब सुरू झाले असते तर थोडं तरी वाचलं असतं का, हे मी डॉक्टरांना लिहून विचारलं. त्यांनी पेन हातात धरलं, मग टोपण लावून खिशात ठेवलं.

आणि जुलैत? मी अर्धा दिवस मागितला नाही. फोरमनपुढे हात जोडून, लिहून, समजावून उभं राहायचं, त्याचा मला कंटाळा आला होता. मनात म्हटलं, कागद आहे, जमेल तिला. तू म्हणालीस ना, एकदा तरी माझ्याशिवाय होऊ दे? मीही तेच म्हटलं होतं, तुझ्याच आठवड्यात. तू पंधरा वर्षांची आहेस. मी एकोणपन्नासचा.

बाळ, घड्याळ, बंद. ते मी विसरलो नव्हतो. पण मला माझं दुःख आठवायचं आणि आईचं. तू तिथे होतीस ते आठवायचं. तुझं काय झालं, ते कधी आठवलं नाही. आम्हाला जग ऐकवायला तू चार वर्षांची असल्यापासून उभी राहिलीस. तू हुशार म्हणून आम्ही कौतुक करत राहिलो. कौतुक केलं की विचारावं लागत नाही.

आता आईचं. तुझं पत्र मी तिला सांगितलं. लपवायचा विचार केला होता, पण या घरात तिघांनीही लपवलं आणि काय झालं ते समोर आहे.

खिडकीपाशी, भर उजेडात, तिच्या समोर बसून, हात हनुवटीजवळ धरून मी सांगायला लागलो. अर्ध्यावर तिचे डोळे दमले. मग तिने तिचे दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवले आणि डोळे मिटले. हे आम्ही नवीन शिकतो आहोत. मी खूण करतो, तिचे हात माझ्या हातांबरोबर फिरतात आणि ओळखतात. हळू चालतं. तुझं पत्र सांगायला सगळी दुपार गेली. 'मी विचारलंच नव्हतं' या जागी माझे हात थांबले. ती वाट बघत राहिली. शेवटी तिने माझी बोटं हलवली, पुढे चल म्हणून. मी सांगितलं.

ती म्हणाली, "मला माहीत होतं."

मी विचारलं, कसं?

"आमटीत मीठ जास्त पडलं तर ती पानभर रडते. रेक्टरबाई नाही म्हणाल्या आणि तिने एक ओळ कुरकुर केली नाही? तेव्हाच कळलं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"पोर पहिल्यांदा सुटली होती. मी परत कशाला बांधू? म्हणून बाकावरून घरी आले, तेव्हा सगळं ठीक म्हणाले. म्हटलं, माझे डोळे मी बघेन."

मग बाळाची जागा आली. घड्याळापाशी तिने माझे हात घट्ट धरले आणि पुढे सांगू दिलं नाही. उठून आत गेली, भिंतीला हात लावत. ती तुझ्यावर रागावली नाही, असं मी लिहिणार नाही. रात्री जेवली नाही. तिच्या मनात काय आहे ते मला पूर्ण माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने मला शिवणयंत्रापाशी बोलावलं आणि सुईत दोरा घालून मागितला. तू पाठवलेल्या सुयांचं मोठं नेढंही आता तिला सापडत नाही. शिवण तिने त्या दिवशी सरळ मारली, बोटांनी कापड चाचपत. मग यंत्र पुसून झाकून ठेवलं. तेव्हापासून उघडलेलं नाही.

शाळा सोडायची नाही. हे मी सांगतोय आणि आईही. दवाखान्यात मी जाईन, वही घेऊन, आणि मान न हलवता. फोरमनने आठवड्याला अर्धा दिवस कायमचा दिलाय. शहरातल्या मूकबधिर संस्थेतून खुणांचं भाषांतर करणारी एक बाई महिन्यातून एकदा यायला तयार आहे. हे सगळं पंधरा वर्षांपूर्वीही विचारता आलं असतं. तुझा फोन त्या खिशातच ठेव. तो थरथरला तर आम्ही मेलो असं समजून पळू नकोस. मी पत्र लिहीन.

पण आता सुट्टीत ये. आठ दिवस ये, आणि मग परत जा. दार मी उघडेन. आई खिडकीपाशी खुर्चीत असेल. तुला फार बोलावंसं वाटेल, क्षमाही मागावीशी वाटेल. हात लगेच उचलू नकोस. सरळ तिच्या समोर ये, अगदी जवळ, बाजूने नको. आणि तिला तुझा चेहरा सापडेपर्यंत तशीच उभी राहा. वेळ लागतो. मध्येच हलू नकोस.

बाबा